पाय पाहणारे सर

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राला एक सर होते. ते माणसाचं तोंड नंतर पाहायचे, आधी पाय पाहायचे. बोलणं चालू असायचं कापसाच्या भावाचं, अन् नजर समोरच्याच्या घोट्यावर. नवीन माणूस बिचारा गोंधळून जायचा. आपल्या चपलेला काही लागलंय की काय म्हणून तोही खाली बघायचा, अन् दोघं भर रस्त्यात खाली माना घालून कापसाबद्दल बोलत उभे राहायचे. जालन्याच्या स्टँडवर एकदा एका पोलिसानं सरांना चप्पलचोर समजून बाजूला घेतलं होतं. सरांनी त्यालाच बूट काढायला लावले, दोन्ही पाय नीट पाहिले, अन् "बिलकुल साफ आहे, जा" असं सांगून त्याला सोडून दिलं. तो पोलीस पुढं कितीतरी दिवस सरांना सलाम करायचा.

सरांना हे वेड लागलं होतं नारूचं. आजच्या पोरांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं, ही फार चांगली गोष्ट आहे. पांढऱ्या सुतासारखा हातभर लांब किडा माणसाच्या पायातून बाहेर यायचा. पाय सुजायचा, फोड यायचा, आग व्हायची, अन् तो पाय गार पाण्यात घातला की किडा तोंड बाहेर काढून पाण्यात आपली पिलं सोडायचा. त्या पाण्यात मोहरीहून बारीक असा एक जलकिडा असतो, तो ती पिलं खायचा. मंग ते पाणी जो पिईल त्याच्या पोटात नारू. वर्षभरानं त्याच्या पायातून बाहेर. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढायचा, तुटला तर पाय गेलाच समजा. आमच्या तिकडं गावागावांत उन्हाळा आला की घरटी कोणीतरी पाय धरून बसलेलं असायचं.

परजीवी प्राण्यांचा पहिला तास सुरू झाला की सर धोतर वर करून डावा पाय टेबलावर ठेवायचे. घोट्याच्या वर नारूचा एक वाकडा व्रण होता. "हे माझं पहिलं संशोधन," म्हणायचे, "आठव्या वर्षी केलं. मस्तगडच्या हज्जामानं मदत केली." पोरं हसायची. मागच्या बाकावरच्यांना उठून पुढं यावं लागायचं, कारण सर हाजरीपेक्षा तो व्रण कोणी पाहिला अन् कोणी न्हाई याचा हिशोब ठेवायचे.

राहायचे जालन्यातल्या त्याच मस्तगड मोहल्ल्यात, एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. त्या दुकानातून मलमलीची कातरणं त्यांना फुकट मिळायची. त्यातलं एक धुवून, घडी घालून सदैव खिशात. कुठंही पाणी दिलं की सर फडकं काढायचे, दुहेरी करायचे, तांब्यावर ताणायचे अन् गाळून प्यायचे. प्रिन्सिपलांच्या घरी गाळलं, आमदारांच्या घरी गाळलं, देवळातलं तीर्थसुद्धा गाळलं. पुजारी रागावला तर म्हणाले, "देवाचा भरवसा आहे हो, आडाचा न्हाई." घरात सरांच्या बायकोची, म्हणजे आमच्या काकूंचीही यातून सुटका नव्हती. काकू सांगायच्या, "मला पाहायला आले तेव्हा यांनी माझे पायच तेवढे पाहिले. तोंड लग्नानंतर बघितलं." सर म्हणायचे, "तोंडाला नारू होत न्हाई." काकू हसायच्या, अन् खरं सांगायचं तर ते घर मला फार आवडायचं.

मस्तगडातल्या एका लग्नाची गोष्ट तर अजून लोक सांगतात. नवरदेव जरासा लंगडत मांडवात आला. सर पंगतीजवळ उभे होते, त्यांनी ते बराबर टिपलं. नवरीचा बाप तांब्याच्या परातीत जावयाचे पाय धुवायला बसला, गार पाणी पडलं, अन् सुजलेल्या घोट्यातून नारूनं तोंड काढलं. बायका किंचाळल्या. कोणी अपशकुन म्हणालं, कोणी नवऱ्याकडच्यांनी फसवलं म्हणालं. परातीतलं पाणी घेऊन एकजण हौदाकडं चालला होता, त्याला सरांनी धावत जाऊन कमरेला मिठी मारून अडवलं. ते पाणी पार गल्लीच्या टोकाला कोरड्या मातीत ओतायला लावलं, मंग परत येऊन भटजींना म्हणाले, "जल्दी करा, मुहूर्त चाललाय. नारू पायाला आहे, लग्नाला काय झालंय?" लग्न लागलं. पुढं महिनाभर सर रोज जाऊन नवरदेवाचा नारू काडीवर गुंडाळत होते, अन् नवी नवरी शेजारी पंख्यानं वारा घालत बसायची. त्या दोघांचा संसार उत्तम झाला.

आणखी एक खोड होती. काहीही सांगा, सर विचारायचे, "पाहिलं का?" सर, अंबडची गाडी गेली. पाहिलं का? सर, उद्या सुट्टी आहे. पाहिलं का? पुस्तकात बेडकाच्या काळजाला तीन कप्पे दिलेत. पाहिलं का? या दोन शब्दांनी आम्ही पोरं इतकी कावलो होतो की होस्टेलात कोणी भाजीत मीठ नाही म्हटलं तरी बाकीचे ओरडायचे, पाहिलं का.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना नोटीसबोर्डावर एक कागद लागला. मुंबईची एक मोठी वैद्यकीय संशोधन संस्था उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजातली थोडी पोरं दोन महिने कामाला घेणार होती. राहणं-खाणं त्यांचं, वर थोडा खर्चा. रक्त, जंतू, रोग असल्या गोष्टींवर खऱ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम. मी तो कागद वाचला अन् माझी भूकच गेली. आमचं घर तीर्थपुरीच्या पलीकडच्या एका खेड्यात, आई-बाप मजुरीला. मामानं तहसील कचेरीतल्या कोणाला तरी बोलून ठेवलं होतं, की पोरगा दुसरं वर्ष झाला की कारकुनीला चिकटवू. एकदा तिथं चिकटलो असतो तर सुटलो नसतो. मुंबईचं जमलं तर पुढच्या शिक्षणाची वाट निघणार होती, अन् मामाला नाही म्हणायला तोंड मिळणार होतं. मला दुसरं काही सुचेना.

अर्जासोबत एक पान लिहायचं होतं. आरोग्याबद्दल किंवा रोगाबद्दल स्वतः केलेलं एखादं निरीक्षण, अन् ते खरं असल्याची शिक्षकाची सही. मी एका रात्रीत रक्ताभिसरणावर झकास पान लिहिलं. सरांनी ते वाचलं.

"पाहिलं का?"

"सर, पुस्तकात—"

"मंग पुस्तकाला पाठव मुंबईला."

त्यांनी पान परत दिलं. इतर पोरांनी दुसऱ्या सरांच्या सह्या घेऊन टाकल्या. मला ते जमलं नाही, कारण मला हीच सही पाहिजे होती. चार दिवस डोकं खाजवलं अन् मंग सरांकडं जाऊन म्हटलं, "सर, एक गोष्ट पाहिलीय. आमच्या गावात इतका नारू आहे, पण आमच्या वस्तीत कोणालाच होत न्हाई."

सर प्रयोगशाळेत भाकरी खात बसले होते. फॉर्मलिनच्या बरण्यांमध्ये ठेचा-भाकरी खाणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते मानच हलवायला लागले. "हे शक्य न्हाई. तुमचं गाव मला ठाऊक आहे. दर उन्हाळ्यात येतो मी, चावडीवर बसून रोगी मोजतो. गावाला पाणी एकच, ती बारव. एक पाणी पिणाऱ्यांत नारू एकाला होतो अन् दुसऱ्याला न्हाई, असं होत नसतं. शरीर जात विचारत न्हाई, बाबा."

"शरीर न्हाई विचारत सर," मी म्हटलं, "विहीर विचारते."

सरांचा घास हातातच राहिला. मी सांगत गेलो. आमची वस्ती गावाबाहेर, बौद्ध वस्ती. गाव आम्हाला जुन्याच नावानं ओळखायचं. बारवेच्या पायऱ्या आमच्यासाठी नव्हत्याच. आमच्या बायका वर उभ्या राहायच्या, कोणी दया येऊन घागर भरून दिली तर पाणी. धम्म घेतला त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात वस्तीनं ठरवलं, आता पाण्यासाठी कोणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. बायाबापड्यांनी मिळून स्वतःचा आड खोदला. मी तेव्हा रांगत होतो.

"चावडीवर मला सगळ्यांनी एकच बारव सांगितली," सर म्हणाले.

"गावाची एकच आहे सर. आमचा आड गाव मोजत न्हाई."

"पण मी दरसाल जातो तिथं."

मला तेव्हा कुठून धीर आला देव जाणे, म्हणजे आम्ही देव मानत नाही, पण तोंडात येतं. मी विचारलं, "वस्तीत आल्ता का सर? पाहिलं का?"

सरांनी उरलेली भाकरी बांधून ठेवली. मला वाटलं, संपलं, आता तहसील. मंग त्यांनी हात धुतले अन् म्हणाले, "रविवारी पहिल्या गाडीनं."

रविवारी आम्ही तीर्थपुरीला उतरून चालत गेलो. सर चावडीकडं वळायला लागले, मी त्यांना दुसऱ्या वाटेनं वस्तीत आणलं. आईनं तांब्या घासून लख्ख केला होता. सर बाजेवर बसले, तिनं पाणी दिलं, अन् सरांनी सवयीनं खिशातून फडकं काढून तांब्यावर ताणलं.

आईचा चेहरा उतरला. बाहेर चार बायका उभ्या होत्या, त्या दारातून मागं सरल्या. मी घाईघाईनं म्हटलं, "माय, सर सगळीकडंच गाळून पितात. आमदाराच्या घरीबी गाळलं."

"सगळीकडं गाळत असतील," आई म्हणाली. "इथं न्हाई गाळायचं. ह्या पाण्यासाठी आमचे हात फुटल्यात." तिनं हात पुढं केला, तांब्या परत घ्यायला.

दुसरा कोणी असता तर ओशाळून तसंच पिऊन टाकलं असतं. पण सर म्हणजे सर. त्यांनी फडकं तसंच ठेवलं, पाणी गाळलं, फडक्यावर राहिलेलं पिशवीतल्या काचेच्या छोट्या वाटीत उतरवलं अन् भिंग आईच्या हातात दिलं. "बाई, तुम्हाला वाटतंय त्यासाठी मी गाळत न्हाई. ह्यासाठी गाळतो. बघा, टुणटुण उड्या मारतोय. हा किडा."

आईनं भिंगातून पाहिलं अन् ती आणखीनच खट्टू झाली. "आमच्या पाण्यात किडं?"

"आहेत. म्हणजे इथं नारू पाहिजे. तो मला शोधू द्या. सगळ्यांचे पाय पाहतो."

मंग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सर वस्तीतल्या प्रत्येक दारापुढं उकिडवे बसले. म्हाताऱ्यांचे, बायकांचे, पोरांचे, सगळ्यांचे पाय त्यांनी दोन्ही हातांत घेऊन, दाबून, उलटेसुलटे करून पाहिले. आमच्या म्हाताऱ्या चुलत्यानं पाय मागं ओढले. "सर, पायाला हात नका लावू. तुमी मोठे लोक."

"हात लावल्याशिवाय नारू कळत न्हाई," सर म्हणाले अन् पाय पुन्हा ओढून घेतला. "तुम्ही गप बसा."

चुलता गप बसला, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सरांना वाटलं दुखतंय, म्हणून ते त्याच जागी आणखी दाबायला लागले. पोरं हसली, बायका हसल्या, अन् चुलताही हसला. उन्हं चढेपर्यंत सगळी वस्ती पाय दाखवायला रांगेनं उभी. नारू एकालाही नव्हता. जुना व्रणसुद्धा फक्त दोघातिघांच्या पायाला, अन् ते सगळे आड खोदायच्या आधीचे.

सर आडाच्या कठड्याशी गेले. आत वाकून पाहिलं. पाणी खोल, वर चाक, दोर, बादली. "ह्यात उतरतं कोण?" त्यांनी विचारलं.

"ह्यात कोण उतरंल? मरायला?" आई म्हणाली.

सर कठड्यावर टेकले अन् मोठ्यानं हसायला लागले. एवढं खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बारवेला पायऱ्या, म्हणून गाव नारूचे पाय घेऊन पाण्यात उतरणार. आडाला पायऱ्याच नाहीत, म्हणून कोणाचा पाय पाण्याला लागणार नाही. किडा आहे, पण त्याच्या पोटात काही नाही. पुस्तकात हे सगळं होतं, सरांना तोंडपाठ होतं. तरी ते हसत होते, हसता हसता म्हणाले, "बाई, आणा तो तांब्या." अन् तांब्या तोंडाला लावून तसाच, न गाळता, घटाघटा रिकामा केला. आई माझ्याकडं बघायला लागली. "निष्कर्ष काढला तर त्यावर विश्वास ठेवावा लागतो," सर मिशी पुसत म्हणाले. आईला निष्कर्ष कळला नाही, पण तिनं सरांना जेवायला वाढलं, अन् सर चार भाकरी जेवले.

पान लिहिलं. त्यात मी लिहिलं, गावात दोन विहिरी, एक पायऱ्यांची, एक दोराची. सरांनी विचारलं, दोन का? मी म्हटलं, "सर, ते राहू द्या. त्यांना वाटेल पोरगा दया मागायला आला."

"दया आली तर त्यांची त्यांच्यापाशी. कारण सोडून परिणाम लिहितोस? हे असलं चालत न्हाई."

मी तिरमिरीतच लिहिलं, की वस्तीला बारवेवर पाणी भरू देत नसत म्हणून वस्तीनं आड खोदला. सरांनी खाली सही केली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली अन् स्वतः टपालात टाकून आले.

मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिघं बसले होते. दोघांनी इंग्रजीत काहीबाही विचारलं, मी मोडकंतोडकं बोललो. तिसऱ्या बाई होत्या, मराठी. त्यांनी माझं पान पुढं ओढलं. "तुमचे सर या गावात दरवर्षी जातात असं दिसतं. अनुभवी आहेत. हा आड त्यांना आधी का दिसला नाही?"

मी पुरता अडकलो. खरं सांगावं तर ज्यांच्या सहीवर इथं आलो, त्यांचंच नाव खाली. खोटं सांगावं तर ते जमायला मला वेगळ्या सरांकडं शिकायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "सर गावात यायचे, चावडीवर विचारायचे, अन् गाव सांगेल ते धरायचे. गाव आम्हाला मोजत नाही. सरांनाही कधी वाटलं नाही की गावाच्या पुढं कोणी असेल."

"आणि आता?"

"आता त्यांनी आमच्या वस्तीतले सगळे पाय हातात धरून पाहिलेत."

बाईंनी पान खाली ठेवलं. "एप्रिलच्या शेवटी या," म्हणाल्या. मी बाहेर आलो अन् तिथल्या बाकावर बसून चांगला रडलो. मनमाडपर्यंत मला काही खायची आठवण झाली नाही.

जालन्याला येऊन सरळ सरांच्या घरी. काकूंनी साखर हातावर ठेवली. सरांनी एकच विचारलं, "काय विचारलं त्यांनी?" मी जसंच्या तसं सांगितलं, माझं उत्तरही. सांगताना माझा आवाज बारीक होत गेला.

सर खिडकीतून खाली रस्त्याकडं बघत राहिले. "बराबर सांगितलंस," म्हणाले. "मला कोणी अडवलं नव्हतं रे. जायचं सुचलंच न्हाई. अन् एका गावात सुचलं न्हाई, म्हणजे बाकीच्या गावांतही सुचलं नसणार. सगळी गावं अर्धीच झाली म्हणायची."

"राहू द्या सर," काकूंच्या तोंडाकडं बघत मी म्हटलं. सर निवृत्तीला आले होते, गुडघे दुखायचे. "एवढी गावं आता कुठं—"

"राहू कशी देऊ?" सरांचा चेहरा लहान पोरासारखा फुलला होता. "अर्धं काम अजून न पाहिलेलं शिल्लक आहे. या वयात असं नशीब कोणाला मिळतं?"

एप्रिलच्या शेवटी मी निघालो. सकाळची गाडी. सर स्टेशनवर आले, मला वाटलं पोचवायला आले. ते डब्यात चढले, माझ्याशेजारी बसले, गाडी सुटली तरी उठेनात.

"सर, गाडी सुटली."

"सुटू दे. मला बदनापूरला उतरायचंय."

तेवढ्या वाटेत ते मला मुंबईत काय काय विचारायचं ते सांगत होते. बदनापूर आलं. उतरताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. फलाटावर एकजण काकड्यांची टोपली घेऊन बसला होता. सरांनी त्याला एका गावाची वाट विचारली. तो ओळखीचा असावा, त्यानं हसून समोरच्या सडकेकडं हात केला. सर सडकेच्या दिशेनं दोन पावलं गेले, थांबले, परत आले.

"त्या गावाची बौद्ध वस्ती कुठनं लागते?" त्यांनी विचारलं.

काकडीवाल्यानं सरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मंग हात न करता, नुसत्या हनुवटीनं, रुळांच्या पलीकडं दाखवलं. तिकडं सडक नव्हती, बाभळींतून गेलेली एक पायवाट होती. गाडी हलली. मी खिडकीतून हात केला, हाक मारली. सर रूळ ओलांडून त्या पायवाटेला लागले होते. त्यांनी मागं पाहिलं नाही. त्यांना घाई होती.